ताईच्या हातचं झाकण

चौकात सरांचा फोटो आहे. एवढा मोठा, की सिग्नलला थांबलेल्या माणसाला दुसरीकडे बघायची सोयच नाही. हाताची घडी, गळ्यात टाय, चेहऱ्यावर फोटोपुरतं आणलेलं हसू, आणि मागे फळीवर काचेच्या पाच बरण्या. खाली लिहिलंय, इंग्रजी व्याकरण खेळता खेळता. आता सर चांगलं शिकवतात हे कोणी नाकारत नाही. ज्या पोरांना घरच्यांनी ओवाळून टाकलं होतं, तीसुद्धा त्यांच्या हाताखाली पास झाली. पण त्या बरण्या कोणाच्या, हे विचारायची बुद्धी आजवर एकाला झाली नाही. फोटोत पुढे उभा राहतो त्याचं नाव होतं, मागच्या फळीवर काय आहे ते कोण बघतंय?

त्या बरण्या ताईच्या. ताई म्हणजे सरांची सख्खी मोठी बहीण.

वडील गेले तेव्हा ताई शाळेच्या शेवटच्या वर्गात होती आणि धाकटा अजून नाक पुसायला तिच्या बाहीकडे यायचा. आईच्या सांध्यांनी तेव्हाच असहकार पुकारला होता. ताईचं इंग्रजी फार चांगलं. शाळेतल्या बाईंनी भर वर्गात सांगितलं होतं, की ही मुलगी पुढे माझ्या खुर्चीवर बसणार. ताईने ते वाक्य घरी येऊन आईला दोनदा ऐकवलं, आणि परीक्षा झाल्याबरोबर किराण्याच्या घाऊक दुकानामागे पॅकिंगच्या हॉलमध्ये कामाला लागली. रडली नाही. रडायला सवड लागते, आणि घरात चूल पेटवणारं दुसरं कोणी नव्हतं.

हॉल म्हणजे पत्र्याखालची लांबलचक खोली. आत दोन टेबलं. एका टेबलावर मोजायचा माल, म्हणजे बटणं, सुया, मेणबत्त्या, काडेपेट्या. दुसऱ्यावर वजनकाटा आणि तोलायचा माल, म्हणजे साखर, मीठ, तांदूळ, पीठ. देखरेखीला एक मुकादमबाई होती, तोंडाने फटकळ आणि मनाने निर्मळ. नवीन आलेल्या प्रत्येकीला ती पहिल्या दिवशी एकच मंत्र द्यायची.

"मोजायचं ते मोजा, तोलायचं ते तोला. उलटं केलंत तर घरी जा."

ताईने तो मंत्र ऐकला आणि तिच्या डोक्यात कुठेतरी खट्कन दिवा लागला. पण तो दिवा उजेडात यायला आणखी काही वर्षं जावी लागली. धाकटा वरच्या वर्गात गेला आणि इंग्रजीने त्याला धरला. पेपरात त्याने मेनी वॉटर लिहिलं, मच बटन्स लिहिलं. शाळेतल्या मास्तरांनी बाकावर उभं केलं, पोरं हसली, आणि पठ्ठ्याने घरी येऊन जाहीर केलं की शाळा बंद, मीही तुझ्याबरोबर हॉलला येतो.

दुसऱ्या दिवशी ताई येताना पिशवीत पाच बरण्या घेऊन आली. जाड काचेच्या, पण काठाला टवके गेलेल्या, म्हणून मालकाने भंगारात काढलेल्या. तिने त्या घासूनपुसून स्वयंपाकघरात जमिनीवर मांडल्या. उजवीकडे दोन, बटणांची आणि मेणबत्त्यांची. डावीकडे तीन, साखरेची, तांदळाची आणि पाण्याची. मधे धाकट्याला बसवलं. म्हणाली, ज्याच्यावर बोट ठेवून एक, दोन, तीन म्हणता येतं, त्याला मेनी. जे काट्यावर टाकावं लागतं, त्याला मच. झालं.

धाकटा पहिल्यापासून वकिली डोक्याचा. म्हणाला, तांदळाचा दाणा तर मोजता येतो. ताईने मूठभर तांदूळ त्याच्यापुढे ओतले आणि म्हणाली, मोज. बसला बिचारा मोजत. बराच पुढे गेला आणि शिंकला. सगळे दाणे इकडेतिकडे झाले आणि त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मग ताई म्हणाली, येतं मोजता, पण कोणी मोजत नाही. इंग्रजी बोलणारेही आपल्यासारखेच कामचुकार आहेत रे. पाण्याच्या बरणीतून तिने दोन पेल्यांत पाणी ओतलं आणि दाखवलं, की पाणी नाही मोजता येत, पेले येतात. म्हणून टू ग्लासेस ऑफ वॉटर. खुर्ची मोजायची, टेबल मोजायचं, पण सगळं मिळून फर्निचर म्हटलं की ते मोजायचं नाही. सल्ल्याचंही तसंच. अॅडव्हाइसला एस का लागत नाही, असं धाकट्याने विचारलं तेव्हा आतून आई ओरडून सांगत होती, की पोराला आधी जेवायला घाल, दिव्याखाली बसव, पाठीला पोक येईल. ताईने नुसता आतल्या खोलीकडे हात केला. धाकटा पोट धरून हसला आणि तो नियम जन्मात विसरला नाही.

त्या बरण्यांचं एक होतं. काठाला टवके असल्यामुळे आत दमट हवा शिरायची, साखरेला पाणी सुटायचं, तांदळात किडे व्हायचे. हॉलमध्ये असल्या बरण्यांवर एक उपाय होता. काठावर कापडाची पट्टी गुंडाळायची, वर झाकण बसवायचं, बरणी दोन गुडघ्यांत धरायची आणि तळहाताचा एक दणका देऊन फिरवायची. बसलं की बसलं. उघडायचीही खुबी होती. झाकण फिरवायचं नाही, झाकण दाबून धरायचं आणि खालून बरणी फिरवायची, तीही एका ठरावीक झटक्याने. ताईने लावलेलं झाकण ताईनेच उघडावं, हा घरातला कायदा झाला. धाकटा साखर चोरायचा म्हटलं तरी बरणी ताईकडेच घेऊन यायचा. "ताई, उघडून दे ना." आई म्हणायची, आपल्या घरात चोर शिरला तर घर घेऊन जाईल, पण साखर खायला त्याला परत आपल्याकडेच यावं लागेल.

धाकटा पास झाला. ते बघून शेजारची दोन पोरं आली, मग समोरची आली. सुट्टीच्या दिवशी ताईच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसायची. तिने कोणाकडून काही घेतलं नाही. तिला द्यायला मिळत होतं हेच तिला पुष्कळ होतं. एखाद्या मठ्ठ ठरवलेल्या पोराच्या चेहऱ्यावर अचानक कळलं म्हणून जे काही उमटतं ना, ते बघण्यासाठी ती आठवडाभर काट्याच्या टेबलापाशी उभी राहायची. पाय सुजायचे, पण सुट्टीच्या दिवशी ते दुखत नसत.

धाकटा शिकत गेला. त्याने इंग्रजीतच पदवी घेतली. का घेतली हे त्याला विचाराल तर आज तो वाचनाची आवड वगैरे सांगेल. मग त्याने घराच्या पुढच्या खोलीत क्लास काढला आणि पहिल्याच दिवशी बरण्या मागून घेतल्या. ताईनेच आनंदाने दिल्या. रोज सकाळी हॉलला जायच्या आधी ती बरण्या भरून, पुसून, झाकणं सैल करून पुढच्या खोलीत ठेवून जायची. धाकटा बोलायला गोड. जे तिने शिकवलं तेच, पण असं रंगवून सांगायचा, की मुलं जागची हलायची नाहीत. ताई दारामागे उभी राहून ऐकायची. एकदा क्लास सुटल्यावर तो तिला तिथे बघून म्हणाला, क्लास मोठा झाला ना ताई, की लहान मुलांचा वर्ग तुझा. लिहून देतो.

लिहून अर्थात दिलं नाही. बहीणभावात लिहून कोण घेतं? पण ताईने ते शब्द गाठीशी बांधले, आणि पुढची सगळी वर्षं त्या एका गाठीवर काढली.

आधी बाकं व्हायची होती. मग धाकट्याचं लग्न झालं. भावजय शिकलेली, चटपटीत, क्लासचं ऑफिस सांभाळणारी. ती दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर बरं झालं असतं, निदान दोन शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. ती फक्त प्रत्येक गोष्ट शोभते की नाही एवढंच बघायची. मग नवरा-बायको नव्या घरात राहायला गेले, कारण क्लासपासून जवळ पडायचं. आई ताईकडे राहिली, कारण आईला जुन्या घराची सवय. मग क्लास मोठ्या इमारतीत गेला. सगळं होत होतं, फक्त लहान मुलांच्या वर्गाची वेळ येत नव्हती. ताईने विचारलं की धाकटा म्हणायचा, अगं हो, एवढं मार्गी लागू दे.

आणि एक दिवस तो स्वतःहून आला. म्हणाला, सोड आता तो हॉल, किती दिवस काटा धरणार आहेस, क्लासला ये. ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिला वाटलं, आली वेळ.

हॉलमधल्या बायकांनी तिला निरोप दिला तेव्हा मुकादमबाई म्हणाली, आता तू बाई झालीस, अधूनमधून येऊन आम्हाला इंग्रजीत झापून जा. ताईने फिकट निळे नवे कपडे शिवून घेतले. सकाळ-संध्याकाळ आईला समोर बसवून धडा म्हणून बघितला. आईला कानाने कमी ऐकू यायला लागलं होतं, पण जिभेला काही झालं नव्हतं. तिने विचारलं, माझं दुखणं मेनी की मच? ताई म्हणाली, मच. आई म्हणाली, मग बरोबर आहे तुझ्या इंग्रजांचं.

पहिल्या दिवशी भावजयीने तिच्या हातात किल्ली ठेवली. ताईला वाटलं, वर्गाची असेल. ती मागच्या खोलीची निघाली, जिथे चहाची शेगडी, कपबशा, झाडू आणि बरण्या ठेवायच्या होत्या. सध्या एवढं बघा, असं भावजय म्हणाली. सध्या. या शब्दावर माणसांनी आयुष्यं घालवली आहेत, ताईनेही घालवायला घेतलं. बरण्या भरायच्या, फळे पुसायचे, सरांना चहा द्यायचा, मॅडमना चहा द्यायचा. घरी भावजय तिला ताई म्हणायची, क्लासमध्ये काहीच म्हणायची नाही. नुसतं, जरा ऐकता का.

पण वरच्या मजल्यावर एक खोली तयार होत होती. बुटकी बाकं, पिवळा रंग, खाली लावलेला फळा, दारावर पाटी, लहान गट. ताई ती खोली रोज पुसायची, गरज नसली तरी पुसायची. कोणी नसताना फळ्यापुढे उभी राहायची. एकदा धाकट्याने तिला तसं पाहिलं आणि हसून म्हणाला, होईल गं. बास, एवढ्या दोन शब्दांवर तिच्या पुढच्या कितीतरी दुपारी गोड गेल्या.

मग पाहुणे यायचं ठरलं. गावोगाव क्लास चालवणारी एक मोठी कंपनी होती, तिला सरांचा क्लास आपल्यात घ्यायचा होता. त्यांची माणसं येणार, सरांचा गाजलेला बरण्यांचा धडा बघणार, आणि मग ठरवणार. भावजयीने आदल्या दिवसापासून जीव खाल्ला. सकाळी ताई नवे निळे कपडे घालून आली, तेव्हा भावजयीने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, आज तुम्ही पुढे नका येऊ, पाहुणे आहेत. बरण्या शिपाई नेईल.

ताई म्हणाली, झाकणं मी सैल करून देते, त्याशिवाय निघायची नाहीत. भावजय म्हणाली, सर करतील, आणि शिपायाने पाचही बरण्या उचलून नेल्या. ताई पाहुण्यांचा चहा गाळून ठेवून वर्गाच्या दाराच्या फटीपाशी येऊन उभी राहिली, जशी पूर्वी घरी राहायची.

सर रंगात आले होते. बटणांची बरणी उघडली, मेणबत्त्यांची उघडली. त्यांना कापड लागायचं नाही, कारण बटणाला कुठे किडे होतात? मुलं मेनी मेनी म्हणून ओरडत होती, मागे बसलेले तीन पाहुणे माना डोलावत होते. मग सरांनी तांदळाची बरणी घेतली. झाकण फिरवलं. हललं नाही. रुमाल काढून फिरवलं. बरणी पोटाशी धरून फिरवलं, टाय वाकडा झाला, तोंड लाल झालं. पोरं खिदळायला लागली. पाहुण्यांतल्या वयस्कर बाईंनी चष्मा काढून हसू आवरलं.

आणि सरांनी लहानपणापासून जे केलं तेच केलं. दाराकडे वळले. तोंडातून "ता" निघालासुद्धा. ताईने तो ऐकला आणि तिचं पाऊल आपसूक पुढे पडलं.

"मावशी, जरा इकडे या."

ताईने आधी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. शाळा-क्लासात झाडझूड करणाऱ्या बाईला सगळे मावशीच म्हणतात, त्यात वाईट काही नाही, ज्यांना म्हणतात त्या राबून खातात. पण पाठच्या भावाने पाठच्या भावासारखी हाक अर्धी तोंडात असताना ती गिळून दुसरी मारावी, याला काय म्हणायचं? ती आत गेली. सगळ्या वर्गासमोर त्याच्यापुढे हात धरले. त्याच्या हाताला घाम आलेला, बरणी त्याने तिची पकड बसायच्या आत सोडली. बरणी खाली आदळून फिरली. इतकी वर्षं ताईशिवाय कोणाला न निघालेलं झाकण त्या दणक्याने निघालं आणि तांदूळ फरशीभर झाला.

पण सर म्हणजे सर, हजरजबाबी. हात पसरून म्हणाले, बघा मुलांनो, हाऊ मेनी म्हणाल का आता? हे कोणी मोजत बसतं का? सांडलेला तांदूळ मोजत नाहीत, गोळा करतात. आणि ताईकडे बघून हलक्या आवाजात म्हणाले, घ्या गोळा करून. ताई खाली बसली. ती त्यांच्या बुटांभोवतीचे दाणे वेचत होती आणि वर ते तिचाच धडा सांगत होते, शिंक येऊन मोजणी विस्कटणाऱ्या एका मुलाच्या गोष्टीसकट. फक्त गोष्टीत त्या मुलाला ते स्वतःच्या हुशारीने कळत होतं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. वयस्कर बाईंनी कौतुकाने विचारलं, या मावशी बऱ्याच वर्षांपासून आहेत वाटतं तुमच्याकडे?

"खूप वर्षं," सर म्हणाले. "अगदी घरच्यासारख्या आहेत."

पाहुणे गेले, करार झाला. धाकटा मागच्या खोलीत आला तेव्हा त्याचा आनंद मावत नव्हता. ताई बरण्या पुसत होती. तिने काही विचारलं नव्हतं, पण खाई त्याला खवखवे. तोच सुरू झाला.

"मनावर घेऊ नकोस गं. ताई म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, सख्ख्या बहिणीला चहाच्या कामाला ठेवलंय. मला शोभलं असतं का ते?"

काय बोलून गेला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. ताईने एवढंच विचारलं, "आणि लहान गट?"

त्याने मान खाजवली. कंपनीची एक मुलगी येणार आहे म्हणाला, शिकवायचं तर पदवी हवी असा त्यांचा नियम आहे, माझ्या हातात काही नाही. उद्या सकाळी तिचा पहिला तास, कंपनीची माणसं फोटो काढायला येणार, चौकातल्या फोटोतल्याच बरण्या हव्यात त्यांना. तेवढ्या भरून ठेव, आणि तिला कशा मांडायच्या ते जरा दाखव, तुझ्याइतकं कोणाला जमतंय? ताई बरं म्हणाली. तो घाईत होता, निघून गेला.

ताईने बरण्या भरल्या. बटणं, मेणबत्त्या, साखर, तांदूळ, पाणी. निळ्या कपड्यांच्या ओढणीची किनार फाडून तिच्या पाच पट्ट्या केल्या आणि पाचही बरण्यांना बांधल्या, बटणांच्यालासुद्धा. एकेक बरणी गुडघ्यांत धरून असा दणका दिला, की भिंतीवरचं कपाट हाललं. बरण्या फळीवर ओळीने मांडल्या, किल्ली खिळ्याला अडकवली आणि ती उन्हातून चालत घरी गेली. आईने विचारलं, आज लवकर कशी? ताई म्हणाली, काम संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाजी चिरत होती तेव्हा दारात गाडी थांबली. धाकटा पिशवी घेऊन आत आला. पिशवीत पाचही बरण्या होत्या. शिपायाने जोर करून बघितला होता, भावजयीने गरम पाण्यात धरून बघितल्या होत्या, त्याने कापड फुगून आणखी बसलं होतं. पोरं वर्गात बसली होती, फोटोवाले ताटकळले होते, नवी मुलगी दर पाच मिनिटांनी मॅडम आता काय म्हणून विचारत होती. बाजारात बरण्यांना काय तोटा? पण चौकातल्या फोटोतल्या बरण्या बाजारात मिळत नाहीत. धाकट्याने पिशवी जमिनीवर ठेवली, बरोबर तिथेच, जिथे त्याने एकदा तांदूळ मोजले होते. तिथेच उकिडवा बसला. आवाज इतका मऊ, की कोणी म्हणेल मोठा झालाच नाही.

"ताई, उघडून दे ना."

ताईचा हात आपोआप पुढे झाला. हाताला मेला अभिमान नसतो. तिने तो मागे घेतला, ओल्या फडक्याला पुसला.

"ताई क्लासमध्ये असते तेव्हा तिला काय म्हणतोस तू? तसं म्हण. उघडते."

तो आधी हसला, चेष्टा समजून. मग त्याला दिसलं की चेष्टा नाही. आतल्या खोलीच्या दाराकडे त्याने बघितलं, आई पलंगावर उशीला टेकून बसलेली दिसत होती. मग घड्याळाकडे बघितलं.

खरं सांगायचं तर ताईला बरण्यांचं काही पडलं नव्हतं. त्या क्षणी तिला जगात एकच हवं होतं, की त्याने म्हणू नये. चिडावं, बरण्या आपटाव्यात, तिला वाट्टेल ते बोलावं, नाहीतर लहानपणी रडायचा तसं रडावं, पण तो शब्द या घरात, या जमिनीवर बसून, तिच्या तोंडावर म्हणू नये. न म्हणता उठून गेला असता, तर तिने मागून धावत जाऊन पाचही बरण्या उघडून दिल्या असत्या, आणि जन्मभर क्लासचे फळे पुसले असते. लहान गटाचंही नाव काढलं नसतं.

"मावशी," तो म्हणाला, "लवकर उघडून द्या. उशीर होतोय."

अडखळला नाही. द्या म्हणाला, अगदी क्लासमध्ये म्हणतात तसं.

ताईने बरणी गुडघ्यांत धरली. झाकण दाबलं, खालून झटका दिला, निळी पट्टी काढून बाजूला ठेवली. मग दुसरी, मग तिसरी. पाण्याच्या बरणीतलं थोडं पाणी मांडीवर सांडलं. धाकट्याने सगळ्या बरण्या पिशवीत नीट उभ्या केल्या, सुटकेचा श्वास टाकला, आणि दारातून आईला मोठ्याने येतो म्हणून सांगून गेला. ताईला काही म्हणाला नाही, आणि तिनेही ये म्हटलं नाही. गाडी गेली. ताई तशीच बसून राहिली, समोर पट्ट्यांचा ढीग.

आईच्या कानांवर नेमका तेवढाच शब्द पडला होता. तिने आतून विचारलं, "कोण गं मावशी आली होती?"

"क्लासमधली."

"मग तशीच पाठवलीस दारातून? कामाची बाई झाली म्हणून काय झालं. घोटभर चहा तरी विचारायचास तिला."

ताई उठली. विळी आणि भाजी बाजूला सारली आणि एक कप चहाचं आधण ठेवलं.